सासऱ्यांच्या झाडाच्या नऊ बिया

खलफानने त्या सकाळी एकच साधा निर्णय घेतला होता. बायकोचा फोन येईपर्यंत जागचं हलायचं नाही. (माणूस जागचा हललाच नाही तर त्याच्या हातून बिघडणार काय, असं आपल्याला वाटतं. खलफानलाही वाटलं होतं.)

त्याची एकुलती एक मुलगी शम्सा मस्कतला बाळंत व्हायची होती आणि बायको रय्या चाळीस दिवसांसाठी तिच्याकडे गेली होती. इकडे डोंगराखालच्या गावात घरी उरले तिघंच: खलफान, त्याची आई आणि शेळी. सकाळी सातला जावयाचा निरोप आला, "दवाखान्यात नेलंय." त्यानंतर फोन जो गप्प झाला तो झालाच. खलफान पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. लोकांना दोन-दोन महिने वाट बघायला लावण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण स्वतःवर ती वेळ आली तेव्हा दहा मिनिटांत त्याचा जीव टांगणीला लागला. त्याने कहवा ओतला, फळीवरचा हाताला लागला तो डबा काढला आणि फोनवरची नजर न हलवता खजूर खायला सुरुवात केली.

अकराच्या सुमारास फोन वाजला.

"मुलगी झाली! दोघी सुखरूप!" रय्या इतक्या जोरात ओरडली की अंगणातून आई धावत आली. खलफानच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने अल्लाचे आभार मानले, आईला मिठी मारली.

"आणि ऐक, शम्साच्या बापा," रय्या पुढे म्हणाली. "बाबांच्या झाडाचा एक खजूर मी आणला होता ना, तो मऊ करून बाळाच्या जिभेला लावला. कशी मिटक्या मारत होती! उरलेले नऊ निळ्या डब्यात आहेत. चाळीस दिवस झाले की शम्साला घेऊन येते, तेव्हा तिला माझ्या हाताने भरवणार आहे. त्या डब्याला हात लावू नकोस हं."

"छे, छे! मी कशाला लावू?" खलफान म्हणाला आणि त्याने बशीकडे पाहिलं. बशीत नऊ बिया होत्या. शेजारी डबा होता. डबा निळा होता.

आता त्या झाडाबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, खजुराच्या गावात नऊ खजुरांचं एवढं काय! आमच्याकडे बीपासून झाड कोणी लावत नाही. बुंध्याशी फुटलेलं पिलू काढून लावतात, म्हणजे फळ हुबेहूब आईसारखं येतं. बीतून उगवलेलं झाड म्हणजे बहुधा टाकाऊ. पण रय्याच्या बाबांच्या अंगणात, पाटाच्या कडेला, कुणीतरी थुंकलेल्या बीतून जे झाड उगवलं ते असं गुणी निघालं की तसा खजूर अख्ख्या गावात दुसरा नव्हता. पण त्याला कधी पिलूच फुटलं नाही. मग बाबा गेले. मागच्या वर्षीच्या पुराने झाडही नेलं. त्याचे दहा खजूर तेवढे जगात उरले होते. पैकी एक नातीच्या जिभेला लागला होता आणि नऊ तिच्या आजोबांच्या पोटात होते.

"काय रे, पांढरा का पडलास?" आईने विचारलं.

"आनंदाने," खलफान म्हणाला.

तो तडक नभानकडे गेला. नभान म्हणजे गावातल्या सगळ्या खजुरांवर चढणारा माणूस.

"आमच्या कचेरीत एक गृहस्थ आहेत," खलफानने सुरुवात केली. "त्यांनी चुकून सासऱ्यांच्या झाडाचे शेवटचे खजूर खाल्ले. आता त्या बिया लावल्या तर?"

"तर तेच झाड येईल का? नाव काढू नको."

"थोडंसं तरी तसं?"

"अरे, बीतून काय निघेल ते बीलाही ठाऊक नसतं. निम्मे तर नर निघतात. पाच वर्षं पाणी घालायचं, मग कळणार नर की मादी. बायको कशी आहे त्या गृहस्थांची?"

"रय्यासारखीच."

"मग लावू दे बिचाऱ्याला," नभान कळवळून म्हणाला. "रिकाम्या डब्यापेक्षा हातात कोंब असलेला बरा." त्याने रीतही सांगितली. बीचा गर खरवडून काढायचा, दोन-तीन दिवस पाण्यात ठेवायची, पाणी रोज बदलायचं. तरंगेल ती पोकळ, ती फेकायची. मग ओल्या फडक्यात गुंडाळून ऊब द्यायची. महिन्याभराने बीच्या पाठीतून पांढरी शेपटी निघते. खलफान निघाला तसा नभानने मागून आवाज दिला, "आणि त्या गृहस्थांना सांग, मिशीला अजून खजूर लागलाय!"

खलफानने पटकन मिशी पुसली.

नऊच्या नऊ बिया पाण्यात टाकताच तळाशी गेल्या. एकही पोकळ नाही! आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातून काही शंभर टक्के बरोबर झालं, असं खलफानला वाटलं. त्याने वाडगा ओट्यावर ठेवला, दोन दिवस पाणी बदललं, दर तासाला जाऊन डोकावलं. तिसऱ्या सकाळी वाडगा रिकामा होता.

"आई! यातल्या बिया?"

"छान भिजल्या होत्या रे. शेळीला घातल्या." आई कौतुकाने बघत होती. "मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, पन्नाशीत का होईना, पोराला शेळीसाठी बिया भिजवायचं सुचलं. पण नऊच काय टाकल्यास, कंजुषासारख्या? मी त्यात माझ्याकडच्या दोन मुठी घातल्या."

आईची तरी काय चूक? त्या घरात साठ वर्षं वाडग्यात बिया भिजायच्या त्या शेळीसाठीच. खलफान मटकन खाली बसला आणि त्याने भडाभडा सगळं सांगून टाकलं. आई आधी तोंडावर हात ठेवून ऐकत होती. मग ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला भिंतीला धरावं लागलं.

"हसतेस काय! रय्या मला घरात घेणार नाही!"

"शेळीच्या समोर जाऊन बस," आई डोळे पुसत म्हणाली. "अख्खी बी तिला पचत नाही. रवंथ करताना एकेक थुंकेल."

"आणि रय्याला सांगू नकोस."

"मी?" आईला भयंकर राग आला. "मी कधी कुणाचं कुणाला सांगते का?"

खलफानने तीन दिवसांची रजा टाकली. कारण लिहिलं, 'घरगुती अडचण, स्वरूप खाजगी.' आणि तो शेळीसमोर पाट टाकून बसला. शेळी त्याच्याकडे बघायची, तो शेळीकडे. तो जरा पुढे वाकला की ती रवंथ थांबवायची. तो मागे सरकला की पुन्हा सुरू. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने बावीस बिया थुंकल्या. त्यात सासऱ्यांच्या झाडाच्या कोणत्या आणि आईच्या मुठीतल्या कोणत्या, हे सासरे हयात असते तरी त्यांना सांगता आलं नसतं. एखादी खरी त्यात असेलच की, अशी स्वतःची समजूत घालून त्याने बावीसच्या बावीस फडक्यात गुंडाळल्या.

आता ऊब! दिवस थंडीचे होते आणि कचेरीत तर बारा महिने गारठा. खलफानने ती पुरचुंडी झग्याच्या आत पोटाला बांधली. साहेबांनी विचारलं, "पोटाला काय झालंय, खलफान?"

"उबवतोय," तो बोलून गेला. साहेबांनी पुढे काही विचारलं नाही, पण आणखी दोन दिवसांची रजा आपणहून दिली.

वीस दिवस झाले, काही नाही. तीस झाले, सात बियांना बुरशी. रोज संध्याकाळी रय्याचा फोन यायचा. "डबा ठीक आहे ना?"

"डबा अगदी ठीक आहे," खलफान म्हणायचा. (डब्याला खरंच काही झालं नव्हतं.) त्याला झोप लागेना, जेवण जाईना. शम्सा जेवढी तिच्या पहिल्या बाळासाठी घाबरली नसेल तेवढा हा माणूस त्या पुरचुंडीसाठी घाबरला होता. सदतिसाव्या दिवशी त्याने फडकं उलगडलं आणि एका, फक्त एका बीच्या पाठीतून पांढरी शेपटी बाहेर आलेली दिसली. खलफान चक्क रडला.

चाळिसाव्यानंतर रय्या आली, नात आली, शम्सा आली. नातीला त्याच्या हातात देऊन रय्या सरळ फळीकडे वळली. खलफानने दारातूनच पाठ केलेलं वाक्य सुरू केलं.

"खाऊन संपवण्यापेक्षा मी म्हटलं, बाबांचं झाड पुन्हा उभं राहू दे." त्याने ती बी लावलेल्या कुंडीकडे मान हलवली. रय्याने वाकून माती जरा बाजूला केली. ती शेपटी बघून तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"नऊच्या नऊ लावलेस?"

"नऊच्या नऊ. ही एकच उगवली."

"आणि त्यांचा गर?"

खलफानने नातीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "गर... काढावाच लागतो ना. तो शेळीला..."

"शेळीला," रय्या म्हणाली. तिने ओढणीने डोळे पुसले, आणखी काही विचारलं नाही.

तिने विचारलं नाही, म्हणूनच खलफानची पुढची पाच वर्षं घोरात गेली. झाड कुंडीतून अंगणात गेलं, त्याच्या कमरेएवढं झालं, डोक्यावर गेलं. तो रोज पाणी घालायचा. कधी ताप असला तरी घालायचा, कारण ते मेलं तर रय्या रडेल. आणि ते जगलं तर फळ येईल! फळ आलं की रय्या पहिल्याच घासाला ओळखणार, हा बाबांचा खजूर नाही, हा बाजारचा. दर वर्षी बहराचे दिवस आले की हा माणूस झाडाच्या शेंड्याकडे बघत घाम पुसायचा.

पाचव्या वर्षी पोय, म्हणजे फुलांचा मिटलेला तुरा, आली. नभानने शिडीवर चढून ती फोडली आणि पांढरी धूळ खाली उडाली.

"नर आहे!" तो वरून ओरडला. "फळ येणार नाही याला, कधीच नाही!"

"अल्ला, तुझे लाख उपकार!" खलफान मोठ्याने म्हणाला. मग त्याने चटकन चेहरा पाडला. पण उशीर झाला होता, रय्या त्याच्याकडेच बघत होती.

"एवढा घाबरला होतास?" ती म्हणाली. "निळा डबा तू खाऊन संपवलास, ते सासूबाईंनी मला तिसऱ्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं."

खलफानला बसायला पाट मिळेना. "मग... मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. मस्कतहून येईपर्यंत शब्दन् शब्द जुळवून ठेवला होता. पण तू तीन दिवस शेळीचं तोंड बघत बसला होतास, हेही त्यांनी सांगितलं होतं. आणि ती शेपटी बघितल्यावर रागच येईना." तिचा आवाज जरा हलला. मग ती सावरली. "शिवाय तेव्हा सांगितलं असतं तर एक दिवस भांडण झालं असतं. नाही सांगितलं, म्हणून पाच वर्षं झाडाला न चुकता पाणी मिळालं."

नभान खाली उतरला, हात झटकत म्हणाला, "काय करू मग, वहिनी? तोडू? गावात नर हवे तेवढे आहेत. हा नुसता जागा अडवणार, पाणी पिणार आणि वर्षातून एकदा धूळ उडवणार."

रय्याने झाडाकडे पाहिलं, मग खलफानकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "असला एक मी सत्तावीस वर्षं सांभाळतेय. त्यात आणखी एक."