दोन घासांची सोयरीक

सोयरीक कशी जमवायची, हे जैनथच्या माणिकरावांना कुणी शिकवायला नको! पाहुण्याकडं जायचं, आडवा हात मारून जेवायचं, की झालं. तीन पुतण्यांची लग्नं त्यांनी अशीच जमवली. आज मुधोळला पोराची, भारतची पाळी होती.

"शुगरचं नाव काढू नको," त्यांनी बायकोला बजावलं. "लोक म्हनतीन, खानदानातच हाये!"

"अन् जेवान कसे? इंजेक्शन सुरू झाल्यापासून तर तुमी भाकरीकडं पाहूनच नाही राह्यले."

तीन आठवड्यांपासून दर रविवारी पोटात सुई टोचणं चालू होतं. शुगर उतरली, पण तिच्यामागं भूकही गेली!

"ताट पाह्यलं की भूक येते आपोआप!" माणिकराव छाती काढून म्हणाले.

ताट आलं. वडे, वांग्याची भाजी, गव्हाची खीर, वर तुपाची धार. भूक काही आली नाही! दोन घासांतच पोट कापसानं ठासलेल्या ट्रकासारखं गच्च झालं.

"काऊन भाऊ, मीठ कमी झालं का?" मुलीचे वडील उत्तमराव शेजारच्या ताटावरून म्हणाले.

"नाही नाही! पोट भरलं."

"दोन घासात?"

आतून मुलीच्या आईचा, बयनाबाईंचा रडवेला आवाज आला, "पोरगी पसंत नाही वाट्टे पाहुन्याइले!"

माणिकरावांना घाम फुटला. सोयरीक वाचवायची म्हणून त्यांनी खिरीची वाटी उचलली अन् एका दमात रिचवली. खीर जशी गेली तशीच परत निघाली! तोंडावर हात दाबून ते धावले ते थेट अंगणातल्या शेवग्याखाली.

"खीर एवढी वाईट झाली?" बयनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

नवरी मुलगी सुनयना तांब्या घेऊन धावली. ती भैंशाला मेडिकल दुकानात कामाला होती.

"काका, हप्त्याचं इंजेक्शन चालू हाये ना?"

"तुले कोनं सांगतलं?"

"कोनी नाही. सुरुवातीले थोडं थोडंच खा लागते. आमच्या बाबाचंही असंच झालं होतं."

"बाबाचं?"

"त्याइच्या इंजेक्शनचा पेन फ्रीजमंदी मेथीच्या जुडीखाली लपवून हाये. तुमाले कळू नये म्हून!"

दारात उत्तमराव नुसतेच खोकले. सगळ्यांनी वळून त्यांच्या ताटाकडं पाहिलं. वडे जसेच्या तसे! माणिकरावांचे घास मोजण्याच्या नादात यजमानाकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

दोघे बाप एकमेकांकडं पाहत राहिले अन् मग पोट धरून हसले. माणिकरावांनी तोंड पुसलं अन् ऐटीत जाहीर केलं, "पोरगी पसंत!"

बयनाबाई डोळे पुसून वड्यांच्या टोपल्यात डोकावल्या अन् म्हणाल्या, "ते झालं बरं. पन हे साठ वडे आता खानार कोन?"