डॉक्टर पेटिबोनची बिनचकाकीची मोटार

“हस, लेस्टर, हस! माझी गाडी येऊ दे एकदा. तिच्या शेजारी तुझी ही मोटार उभी केलीस ना, तर लोक विचारतील, हा गंजका पत्रा कोणी टाकला रस्त्यात?”

एकोणीसशे एकेचाळीसच्या ऑक्टोबरात, इंडियानातल्या प्लम क्रीक गावात, भर बाजारात उभं राहून गुराढोरांचे डॉक्टर हायरम पेटिबोन यांनी ही गर्जना केली. समोर त्यांचा मेहुणा, पेंडीचा दुकानदार लेस्टर ग्रब, आपली नवी कोरी मोटार फडक्याने पुसत होता. मोटार कसली, सराफाचं दुकानच ते! पुढची जाळी क्रोमची, अंगावरच्या पट्ट्या क्रोमच्या, चाकांची झाकणं क्रोमची, दारांच्या मुठीसुद्धा क्रोमच्या. ती उन्हात उभी असली की समोरच्या न्हाव्याला गिऱ्हाइकाचा कान कुठे संपतो तेच कळत नसे.

“दाजी, आधी ऑर्डर तर द्या,” लेस्टर म्हणाला.

“दिली! काळी कुळकुळीत, सगळ्यात वरची! आणि त्या स्प्रॅगला बजावलंय, कारखान्यात असेल नसेल तेवढं क्रोम माझ्या गाडीला लाव म्हणून!”

स्प्रॅग हा गावातला मोटारविक्या. त्याने मान डोलावली होती. पण डिसेंबरात पर्ल हार्बरवर बाँब पडले, अमेरिका युद्धात उतरली, आणि नाताळच्या आठवड्यात डॉक्टरांची गाडी आली तेव्हा स्प्रॅगने ती दुकानात न लावता मागच्या अंगणात लावली. तिथेच डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली.

गाडी काळी होती. कुळकुळीतही होती. पण जाळी राखाडी, पट्ट्या राखाडी, झाकणं राखाडी! चुलीतली राख कालवून कोणीतरी फासावी तशी.

“हिला काय झालंय?” डॉक्टर आजारी म्हशीकडे बघावं तसे गाडीभोवती फिरले.

“सरकारी हुकूम, डॉक्टर. क्रोम आता विमानांना आणि रणगाड्यांना. बंपर तेवढे सोडलेत, बाकी काही म्हणजे काही चमकता कामा नये.”

“अरे, पण मी ऑर्डर ऑक्टोबरात दिली होती!”

“ते जपान्यांना कुठे ठाऊक होतं? नको असेल तर राहू द्या. पण नव्या वर्षापासून विक्रीच बंद व्हायची आहे, आणि कारखान्यात मोटारींच्या जागी रणगाडे. ही सोडलीत, तर पुढची गाडी युद्ध संपल्यावर!”

डॉक्टरांनी दात-ओठ खात गाडी घेतली. बाजारातून घरी जाताना रस्त्याकडेच्या दोन बायकांनी मान खाली घातली, आणि पोस्टमनने टोपी काढून छातीशी धरली. डॉक्टरांना वाटलं, आपल्याला मान देतायत. लेस्टरने मात्र दुकानातूनच आरोळी ठोकली, “दाजी, कोण गेलं हो?”

तेव्हा कुठे डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला. काळी, लांबलचक, बंपर सोडले तर कुठे कणभर चमक नाही. गाडी थेट प्रेतगाडीसारखी दिसत होती!

पण खरा घोळ जानेवारीत झाला. टाल्बटांच्या शेतावर गाय अडली म्हणून बोलावणं आलं. टाल्बटांचा म्हातारा एफ्रेम तापाने फणफणून खिडकीशी पडला होता. बर्फातून एक काळी गाडी हळूहळू अंगणात येताना त्याने पाहिली. मग तिच्यातून काळा कोट आणि काळी हॅट घातलेला माणूस उतरताना पाहिला.

डॉक्टर पायरीपर्यंत पोचतात तोच दार धाडकन उघडलं. दारात लोकरीच्या लांब चड्डीवर एफ्रेम उभा, हातात बंदूक!

“मागे फिर! मी अजून मेलो नाही!”

“अरे एफ्रेम, मी—”

“ठाऊक आहे तू कोण ते! साधा ताप आलाय मला! जरा अंगात मुरेपर्यंत तरी धीर धरायचास!”

“मी गाईसाठी आलोय रे बाबा!”

“गाईसाठी? गाईला एवढी मोठी गाडी? खोटारड्या!”

सून रूथ धावत आली. “मामंजी, बंदूक ठेवा खाली! अहो, ते गुरांचे डॉक्टर!”

वासरू सुखरूप झालं. संतापून घाम फुटल्यामुळे म्हाताऱ्याचा तापही उतरला. पण गोष्ट गावभर झाली, आणि तिला शिंगं फुटली. ती गाडी गोठ्यापाशी उभी राहिली की जनावर वाचत नाही, असं शेतकरी बोलू लागले. बोलावणी आटली. लोक दुसऱ्या गावच्या डॉक्टरला आणू लागले, आणि तो तर घोड्याच्या मागच्या पायाला भिणारा माणूस!

“अहो, मग जुनी घोडागाडी काढा ना,” कोराबाई म्हणाल्या. डॉक्टरांची ही बायको म्हणजे लेस्टरची थोरली बहीण. भाऊ आणि नवरा यांच्या कात्रीत इतकी वर्षं राहून तिने आवाज न चढवता बोलायची विद्या कमावली होती.

“घोडागाडी? मी? लेस्टरच्या दुकानासमोरून?” डॉक्टरांनी टेबलावर मूठ आपटली. “सरकारला क्रोम हवंय ना? खुशाल घेऊ दे! पण माझ्या घरातली चमक माझ्या मालकीची आहे! ती मला कोण अडवतो बघू!”

याचा अर्थ कोराबाईंना शनिवारी कळला. केक करायला गेल्या तर साचे गायब. हात पुसायला गेल्या तर टॉवेलची दांडी गायब. दिवाणखान्यातले पडदे जमिनीवर लोळत पडलेले, आणि ओव्हनमधली जाळी तर चक्क अंगणात, गाडीच्या तोंडावर तारेने बांधलेली! चाकांवर केकचे साचे, अंगावर पडद्याच्या दांड्या, बॉनेटवर टोस्टरची दोन्ही झाकणं.

“अहो!” कोराबाईंचा आवाज लग्नानंतर पहिल्यांदाच चढला. “पाव कशात भाजू आता?”

“इंजिन तापलं की बॉनेटवर ठेव!” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी गाडी चालू केली.

गाडी धावू लागली की वाटे, कोणीतरी भांड्यांचं दुकान जिन्यावरून ढकलून दिलंय. पण गंमत अशी की त्या खणखणाटाने प्रेतगाडीची भीती पार पळाली! कुंपणापाशी गाई माना वर करून बघत. शेतकरी पोट धरधरून हसत, आणि हसता हसता म्हणत, “डॉक्टर, आलाच आहात तर आमची डुकरीण बघून जा!” बोलावणी परत सुरू झाली. डॉक्टर दिमाखात हिंडू लागले. एखादा साचा निखळून शेतात गडगडत गेला, तर राजाने मुकुट उचलावा तसा उचलून आणत.

आणि उन्हाळ्यात देव पावला. टायर मिळेनासे झाले. जनावरांच्या डॉक्टरला परवाना होता, पेंडविक्याला नव्हता. लेस्टरची झगमगती मोटार विटांवर चढून कोठारात बसली, आणि लेस्टर पाय ओढत डॉक्टरांच्या दारात आला.

“दाजी, जरा बाजारापर्यंत सोडता?”

“सोडतो की! मागे आडवा हो. लोक म्हणतात, तशीच जागा आहे!”

तर अशा थाटात, मागे मुकाट बसलेला लेस्टर आणि शेजारी कोराबाईंची फुटकी शेगडी घेऊन, डॉक्टर पानगळीच्या दिवसांत कचेरीच्या चौकात आले. युद्धासाठी भंगार गोळा करायचा तो दिवस. चौकात लोखंडाचा डोंगर रचला होता. नांगर, खाटा, बंब, एक जुनी तोफसुद्धा! डोंगराच्या पायथ्याशी महिला समितीच्या अध्यक्षा मिसेस ओडेल हातात पहार घेऊन उभ्या होत्या. डॉक्टरांनी शेगडी दिली, गाडी तिथेच लावली, आणि दोघे समोर कॉफी प्यायला गेले.

बाहेर आले तर गाडी नागडी!

“माझे साचे! माझ्या दांड्या!” डॉक्टर धावले.

“डॉक्टर पेटिबोन!” मिसेस ओडेलचे डोळे भरून आले होते. “एवढं सगळं द्यायचं, आणि तेही असं हौसेने सजवून आणून! मंडळी, देशप्रेम असावं तर असं!”

चौकभर टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरांनी पुढे केलेला हात हळूच मागे घेतला. टाळ्या वाजत असताना केकचे साचे परत मागायची हिंमत कोणाला होणार?

“एवढी एक पट्टी काही निघत नाही बाई,” मिसेस ओडेल दाराशी वाकल्या आणि त्यांनी पहार घातली.

“अहो, ती गाडीचीच आहे!”

पहार सटकली. राखाडी रंगाची लांब साल निघाली, आणि खालून काहीतरी लखकन चमकलं. असं चमकलं की पलीकडच्या घोड्याने डोळे मिचकावले.

क्रोम!

गर्दीतून हळूच काढता पाय घेणाऱ्या स्प्रॅगची डॉक्टरांनी गचांडी धरली. “हे काय आहे?”

“कारखान्यात आधीचे भाग करून ठेवलेले होते हो! फेकणार कसे? पण एकाला चमकणारी गाडी आणि दुसऱ्याला बिनचमकेची, हे सरकारला चालेना. म्हणून मग वरून रंग फासून दिले!”

“आणि हे तू मला आज सांगतोस?”

“तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही गाडी खरवडली असती, आणि सरकारने मला खरवडलं असतं!”

लेस्टर इतका हसला की त्याला भंगारातल्या खाटेवर निजवावं लागलं. “दाजी, क्रोमवर टोस्टर बांधून हिंडलात!”

“हस!” डॉक्टर गरजले. “उद्या बघ! सरकार नाही आणि सरकारचा बाप नाही! उद्या माझी गाडी सूर्यासारखी येईल!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोठाराचं दार लावून घेतलं आणि हाताशी होतं ते हत्यार काढलं. घोड्यांचे खूर घासायची कानस! साऱ्या वर्षाचा अपमान मनगटात एकवटला होता. खर्र, खर्र, खर्र! राखाडी भुगा उडत होता. कुठे चमकलं की डॉक्टरांना चेव येई, आणि ते आणखी जोरात घासत. जेवायची हाक आली तरी थांबले नाहीत. अखेर घामाने निथळत त्यांनी दार उघडलं आणि अभिमानाने बाजूला झाले.

कोराबाईंनी उजेडात गाडीकडे निरखून पाहिलं. जाळी राखाडी, पट्ट्या राखाडी, झाकणं राखाडी.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “रंग निघाला, की काढायचाय अजून?”

रंग केव्हाच निघाला होता. त्याच्या मागोमाग क्रोमही निघालं होतं. ते असतं कांद्याच्या सालीएवढं पातळ, आणि डॉक्टरांची कानस तर खूर सोलणारी! महिन्याभरात गंज चढला. डॉक्टरांनी कोठाराचा उरलेला लाल रंग काढला आणि स्वतःच्या हाताने जाळीला, पट्ट्यांना, झाकणांना फासला. “लाल तर लाल!” ते भेटेल त्याला सांगत. “अशी गाडी अख्ख्या अमेरिकेत दुसऱ्या कोणाकडे आहे का, दाखवा!” नव्हतीच.

युद्ध संपलं. सेहेचाळीसच्या वसंतात स्प्रॅगने दुकानात पडदा टांगला, बँड लावला आणि गाव बोलावलं. इतक्या वर्षांनी नवी मोटार! पहिल्या गाडीवर नाव डॉक्टरांचं होतं. पडदा सरकला.

जुन्या गाडीचंच छप्पर. तीच दारं. पुढची जाळी तेवढी नवी, म्हाताऱ्याला नवी कवळी बसवावी तशी. पण चमक? डोळे दिपवणारी! जाळी, पट्ट्या, झाकणं, सगळीकडे क्रोमच क्रोम! डॉक्टरांची छाती फुगली. मग त्यांची नजर खाली गेली. बंपरच्या जागी लाकडाची एक जाडजूड फळी बोल्टांनी ठोकलेली होती!

“पोलादाची टंचाई आहे हो,” स्प्रॅग दोन पावलं मागे सरत म्हणाला. “बंपर मागाहून येतील. तोवर ही फळी.”

“दाजी,” मागून लेस्टरचा आवाज आला, “वाळवीचं औषध घालत जा हं वेळच्या वेळी!”

अख्खं दुकान डॉक्टरांकडे बघत होतं. कोराबाईंनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी हॅट नीट केली, मान ताठ केली.

“घेतो!” ते गरजले. “फळीसकट घेतो!”

बँड वाजू लागला, लोक गाडीच्या दुसऱ्या बाजूला वळले. तेव्हा डॉक्टर हळूच खाली वाकले, इकडेतिकडे पाहिलं, आणि फळीचा कोपरा अंगठ्याच्या नखाने जरासा खरवडून बघितला.

आत लाकूडच होतं.