कपाटामागची रेघ

सून कपाटामागं कधी म्हणजे कधी पुसत नाही, हे सासूबाईंनी अख्ख्या गल्लीला ऐकवून झालं होतं. दिसतं तेवढं चकचकीत, न दिसणारं देवाच्या भरवशावर!

पुराचं पाणी ओसरून आठ दिवस झाले होते. घर चालायचं ते सुनेच्या शिलाईमशीनवर, आणि ते मशीन गंजून बसलं होतं. पूरग्रस्तांच्या यादीत नाव लागलं तर नवं मशीन आणि तीन महिन्यांचं धान्य मिळणार होतं. पाहणीला साहेब येणार म्हटल्यावर सासूबाईंनी पदर खोचला. परका माणूस घरात येणार आणि भिंतींना चिखल? शेजारीण ओली गादी दारातच टाकून बसली होती. तिला त्यांनी आळशी ठरवलं आणि सुनेकडून चारही भिंती घासून घेतल्या.

साहेब टेप घेऊन आले. भिंतीवरची पाण्याची रेघ कमरेच्या वर असेल तरच नाव यादीत. त्यांनी भिंती न्याहाळल्या आणि म्हणाले, "इथं पाणी आलेलंच दिसत नाही. कोपऱ्यापलीकडची घरं कोरडीच राहिली म्हणे."

सासूबाईंनी छातीला हात लावून उंची दाखवली. साहेबांचं पेन हलेना, तेव्हा हात हनुवटीला गेला, मग कपाळाला.

"आजी, तुमच्या घरातलं पाणी अजून चढतंच आहे."

साहेबांची पाठ वळली तशी सासूबाईंनी बादलीतला गाळ बोटांवर घेतला आणि भिंतीवर रेघ ओढली. साहेबांनी वळून त्यावर बोट फिरवलं. बोट ओलं झालं. खोटी माहिती दिली तर नाव कायमचं कटतं, असं ते अगदी हळू आवाजात म्हणाले. कोपऱ्यातलं गंजकं मशीन तेवढं सासूबाईंकडं बघत होतं.

सुनेनं खांदा लावून कपाट सरकवलं. मागं छातीएवढ्या उंचीवर चिखलाची वाळलेली, सरळसोट रेघ होती आणि तिला चिकटलेली एक सुकलेली गोगलगाय.

साहेबांनी टेप लावला, नाव लिहिलं, सासूबाईंचा अंगठा घेतला आणि गेले.

सासूबाईंनी गोगलगायीकडं पाहिलं. पदर पुन्हा खोचला आणि सुनेकडं वळल्या.

"बघितलंस? मी काही उगाच बोलत नव्हते. कपाटामागं तू पुसतच नाहीस."