तिसरा स्क्रू

"तू साडी नेसंस्तोवर मी गाडीचा ऑइल फिल्टर बदलतो," असं नाथाजी म्हणाले आणि तिथंच सगळं फिसकटलं. बारा वाजता विट्याला समीक्षाचा साखरपुडा. नाथाजींची बायको शालूबाई तिची एकुलती एक आत्या. पहिली ओटी त्यांनीच भरायची. मोटारसायकलला काही म्हणजे काही झालं नव्हतं. पण सतरा वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला धडधाकट वस्तू बघवत नाही. (फौजेत ते स्टोअरला ब्लँकेटं वाटत. गावात, कुंडलमध्ये, हे कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.)

इंजिनातलं ऑइल शालूबाईंच्या लापशीच्या पातेल्यात उतरलं. नवा फिल्टर धूळ लागू नये म्हणून नाथाजींनी जपून ठेवला. फिल्टरच्या झाकणाचे दोन स्क्रू निघाले, तिसरा हलेना. त्यांनी दातओठ खाऊन जोर लावला, तशी स्क्रूच्या डोक्यावरची फुलीच झिजून गुळगुळीत झाली. आता स्क्रू-ड्रायव्हर नुसता गरगर फिरायला लागला.

"कुठल्या गाढवानं आवळलाय ह्यो?"

"गेल्या दिवाळीत तुमीच की! 'फौजेत ढिलं चालत न्हाई' म्हनत हुता."

मग रबर लावून झालं, पक्कड लावून झाली, खोबरेल पाजून झालं. दहाची एस्टी समोरून निघून गेली.

"आवं, गुंडा मिस्त्रीला हाक मारा की!"

"त्याला परवाच चौकात म्हनलोय, तुला इंजिनातलं काय कळत न्हाई. आता कुठल्या तोंडानं बोलवू?"

"मग बसा तोंड सांभाळत! माज्या भाचीची ओटी तिकडं दुसरीच कोन तरी भरंल." शालूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाण्यामागोमाग राग आला. पदर खोचून त्या वरवंटा घेऊन आल्या. "छिन्नी धरा. स्क्रूच्या कडंला, तिरकी."

"अगं, ह्ये इंजिन हाय, कुऱ्हाडीची पाचर न्हवं!"

"धरा म्हनलं न्हवं?"

दोन घाव बसले. तिसऱ्याला स्क्रू कुरकुरला आणि चक्क फिरला.

नाथाजींना आनंद मावेना. त्याच भरात त्यांनी जुना फिल्टर फेकला, झाकण पुसून बसवलं, तिन्ही स्क्रू फौजी ताकदीनं आवळले आणि नवं ऑइल ओतलं.

पावणेबाराला विट्याच्या मांडवात ते पाहुण्यांना समजावत होते, "छिन्नी कडंला तिरकी धरायची. ह्ये फौजेतच शिकवत्यात."

तेवढ्यात ओटीची वेळ झाली. शालूबाईंनी पिशवीत हात घातला आणि खणाच्या आधी हातात आला नवाकोरा फिल्टर. नाथाजींना घरात सगळ्यात स्वच्छ जागा ओटीची पिशवीच वाटली होती.

"दाजी," मेहुणे भाऊसो म्हणाले, "ह्यो इंजिनाच्या आत असतोय न्हवं?"

सगळा मांडव नाथाजींकडे बघू लागला.

"ह्यो... जादाचा हाय. फौजेत एक जादा ठेवत्यात."

शालूबाईंनी शांतपणे खण-नारळ काढला, समीक्षाची ओटी भरली. मग पुन्हा पिशवीत हात घालून वरवंटा काढला आणि नवऱ्यापुढं ठेवला.

"तुमी स्क्रू परत आवळाय लागला, तवाच संगं घेतला बगा."