हिरव्या गाडीचा पिवळा दिवा

सोमवारी सकाळी एवारिस्तोने आपली एकोणीस वर्षांची हिरवी गाडी सुरू केली आणि समोर इंजिनचा पिवळा दिवा पेटला. त्याने गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. दिवा तसाच. मग त्याने बोटाने काचेवर टकटक केली, कारण घरातला टीव्ही असाच ताळ्यावर यायचा. पण गाडी टीव्हीपेक्षा हट्टी होती.

एरवी त्याने वर्षभर त्या दिव्याकडे काणाडोळा केला असता. पण शुक्रवारी धुराच्या तपासणीची मुदत संपत होती. तपासणीचं स्टिकर नसेल तर मेक्सिको सिटीत गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि शनिवारी नातीचा, यारेलीचा, पंधरावा वाढदिवस होता. तिथे मुलीचा पंधरावा वाढदिवस चर्चमध्ये, लग्नाच्या थाटात साजरा होतो. दुसऱ्या आजोबांनी तिच्यासाठी पांढरी लांबलचक लिमोझीन ठरवायची तयारी दाखवली होती. यारेली म्हणाली होती, "नको. मला जन्मल्यावर दवाखान्यातून हिरव्या गाडीतनं घरी आणलं ना? मग चर्चलाही हिरव्याच गाडीतनं जाणार." तेव्हापासून एवारिस्तो इस्तापालापाच्या गल्लीतून दोन इंच उंच होऊन चालत होता.

शिवाय या समारंभात प्रत्येक गोष्टीला एक धर्मपिता असतो, म्हणजे तिची जबाबदारी घेणारा. केकचा वेगळा, चपलांचा वेगळा, बालपण संपलं म्हणून मुलीला देतात त्या शेवटच्या बाहुलीची धर्ममाता आणखी वेगळी. क्रेसेन्सियोने भर जेवणात उभं राहून जाहीर केलं होतं, "मी गाडीचा धर्मपिता. गाडी पास करून देणं माझ्याकडे." क्रेसेन्सियो मेकॅनिक होता, पण ते दुय्यम. मुख्य म्हणजे तो एवारिस्तोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला उभा राहिलेला, म्हणजे कंपाद्रे. बायकोशी भांडता येतं, भावाशी अबोला धरता येतो. कंपाद्रेला मात्र 'मी दुसऱ्या मेकॅनिककडे जातो' असं सांगता येत नाही.

क्रेसेन्सियो आला, आपलं बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र त्याने गाडीला जोडलं आणि डॉक्टरसारखा गप्प झाला.

"काय म्हणतीय?" एवारिस्तोने विचारलं.

"म्हणतीय की धूर नीट साफ होत नाहीये. मागचा सेन्सर तक्रार करतोय."

"मग?"

"मग काय, तक्रार पुसून टाकू." त्याने बटण दाबलं. दिवा विझला. "झालं, कंपाद्रे. जा आणि स्टिकर चिकटवून या."

तपासणी केंद्रातल्या मुलीने गाडीला वायर लावली, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, हिला काहीच आठवत नाहीये."

"म्हणजे?"

"कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत. त्यासोबत गाडीने स्वतःवर केलेल्या चाचण्याही पुसल्या जातात. आता शंभरेक किलोमीटर चालवा, तिला सगळं नव्याने तपासू दे, मग या. आणि कोण पुसतंय त्याला सांगा, पुसू नका."

मंगळवारी एवारिस्तो बायकोला घेऊन आहुस्कोच्या घाटात गेला. ओब्दुलियाला वाटलं, चाळीस वर्षांनी का होईना, नवऱ्याला फिरायला न्यावंसं वाटलं. वर पोचून तिने केसादिया मागवल्या, तेवढ्यात तो म्हणाला, "खाणं गाडीत खा. इंजिन गार होता कामा नये."

"अरे म्हाताऱ्या, तू मला फिरवतोयस की गाडीला?"

उत्तर द्यायच्या आत पिवळा दिवा पेटला. घरी येईपर्यंत ओब्दुलियाने सगळ्या केसादिया एकटीने संपवल्या.

संध्याकाळी क्रेसेन्सियोने मागचा सेन्सर बदलला, नवा बसवला आणि अर्थातच कोड पुसला. बुधवारी एवारिस्तोने सकाळपासून सोचिमिल्कोला तीन चकरा मारल्या. एकशे चाळीस किलोमीटर झाले. दिवा पेटला नाही. दुपारी तो तपासणीच्या रांगेत लागला तेव्हा त्याचा ऊर भरून आला होता. क्रेसेन्सियो शेजारी बसला होता, धर्मपिता म्हणून. रांग संथ होती. एवारिस्तो उतरून पाणी प्यायला गेला आणि परत आला, तर क्रेसेन्सियो यंत्र गुंडाळून ठेवत होता.

"काय केलंत?" एवारिस्तोने विचारलं.

"काही नाही हो. खात्रीसाठी एकदा शेवटचं पुसून घेतलं."

केंद्रातल्या मुलीने वायर लावली, पडद्याकडे पाहिलं, मग एवारिस्तोकडे पाहिलं. तिने नुसता दरवाज्याकडे हात केला. एवारिस्तोला रडावंसं वाटलं, पण शेजारी कंपाद्रे होता.

गुरुवारी भल्या सकाळी तो कोणाला न सांगता निघाला. बाजारापर्यंत पोचतो तोच दिवा पेटला. मग त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. गाडी सरळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, सेनायदा नावाच्या मेकॅनिक बाईच्या गॅरेजवर नेली. मनात पाप असल्यामुळे टोपी डोळ्यांवर ओढली होती. गॅरेजात आधीच एक निळी पिकअप उभी होती. पिकअपच्या आडून एक ओळखीचं पोट बाहेर आलं आणि त्यामागोमाग क्रेसेन्सियो.

एवारिस्तोने टोपी आणखी खाली ओढली.

"तुमच्याच गाडीबद्दल विचारायला आलो होतो," क्रेसेन्सियो म्हणाला.

"मग पिकअप कशाला आणलीत?"

"चालत किती लांब पडतं."

एवारिस्तोने पिकअपच्या खिडकीतून आत पाहिलं. जिथे इंजिनचा दिवा असतो, बरोबर तिथे ग्वादालुपेच्या मेरीमातेचं स्टिकर लावलेलं होतं. मातेच्या कडेकडेने पिवळा उजेड झिरपत होता.

"कधीपासून?" एवारिस्तोने विचारलं.

"जानेवारीत तपासणी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," क्रेसेन्सियो खाली बघत म्हणाला. "दुसऱ्याच्या गाडीचं कळतं हो. स्वतःच्या गाडीचं कळत नाही."

दुसऱ्याच्या गाडीचं किती कळतं, ते एवारिस्तो चार दिवस भोगत होता. पण तो काही बोलला नाही, कारण टोपी अजून त्याच्याच डोळ्यांवर होती.

सेनायदा गाडीखाली शिरली आणि पाच मिनिटांत बाहेर आली. "धुराच्या नळीला चीर गेलीय. तिथनं बाहेरची हवा आत जाते आणि सेन्सर चक्रावतो. जुना सेन्सर धडधाकट होता. तो बिचारा खरं सांगत होता, तुम्ही त्यालाच काढलंत." तिने नळी सांधली, कोड पुसला आणि हात पुढे केला. "यंत्र द्या."

"कुठलं यंत्र?" क्रेसेन्सियोने विचारलं.

"खिशातलं. सोमवारी परत मिळेल. आणि पिकअपही सोमवारीच बघीन, आज वेळ नाही."

त्याने ते दिलं. उरलेला गुरुवार आणि शुक्रवारची सकाळ दोघे कंपाद्रे शहराला प्रदक्षिणा घालत राहिले. क्रेसेन्सियो दोन्ही हात मांडीवर ठेवून, प्रार्थनेला बसल्यासारखा बसला होता. शुक्रवारी दुपारी केंद्रातल्या मुलीने वायर लावली, पडद्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसली. स्टिकर काचेवर चिकटलं तेव्हा एवारिस्तोने कंपाद्रेला मिठी मारली आणि सगळं माफ केलं.

शनिवारी हिरवी गाडी धुऊन, फुलं लावून दारात उभी राहिली. यारेली बाहेर आली. मोरपंखी झगा, आत तारांची कडी, घेर दाराच्या चौकटीएवढा. ती गाडीकडे समोरून गेली, मग पाठमोरी गेली, मग आडवी. मावश्यांनी कडी दाबली, तर ती दुसऱ्या बाजूने फुगली. गाडीच्या दारातून यारेली आत जात होती, झगा जात नव्हता. चर्चची घंटा वाजली.

"लिमोझीनला सांगू का?" कोणीतरी मागून म्हणालं.

यारेलीने आजोबांकडे पाहिलं, मग गल्लीत उभ्या असलेल्या निळ्या पिकअपकडे.

"मी मागे उभी राहते," ती म्हणाली. "पण चालवणार आजोबाच."

हिरव्या गाडीत केक बसला, आणि ती ओब्दुलियाने चालवली. पिकअपच्या मागच्या हौद्यात राणीसारखी उभी राहून नात सगळ्या गल्लीला हात हलवत होती. पुढे एवारिस्तो, शेजारी गाडीचा धर्मपिता. एवारिस्तोने किल्ली फिरवली. मातेभोवती पिवळा उजेड पडला.

"कंपाद्रे," क्रेसेन्सियो हळूच म्हणाला, "यंत्र असतं तर…"

"हात मांडीवर," एवारिस्तो म्हणाला आणि त्याने गियर टाकला.