शंकेची सुट्टी नाही

जेवणाच्या सुट्टीत माणसं डबा आणायला विसरली तर शेजारच्याच्या डब्यात हात घालतात. मी शंका आणायला विसरलो, तर याकोबराव जेवत नसत. डबा न उघडता ते मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "पवार, आज काही आणलं नाहीत का?" मग मला घाईघाईने काहीतरी शंका काढावी लागे. देव आहे तर दिसत का नाही, असली जुनीपुराणीसुद्धा चाले, पण पाहिजे म्हणजे पाहिजे.

पिंपरीतल्या औषधाच्या कारखान्यात आम्ही दोघे बाटल्या तपासायच्या खात्यात होतो. पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. कारखाना नवा, आजूबाजूला ज्वारीची शेतं, आणि मी साताऱ्याहून नुकताच आलेला. ओळखीचं कुणी नाही. भरलेली बाटली दिव्यासमोर धरायची, उलटी करायची, आत कण तरंगतो का ते पाहायचं, हे आमचं काम. याकोबराव मूळ नगरकडचे ख्रिस्ती, पन्नाशीचे, अंगाने काटक. बाटल्या पाहता पाहता त्यांना माणसांचं बोलणंही तसंच पाहायची सवय लागली होती. कुणी काही ठामपणे सांगू लागलं की यांची मान तिरकी होई आणि ते हळूच म्हणत, "कण आहे."

आपल्या धर्माची बाजू मांडायची हा त्यांचा नाद. त्यासाठी त्यांनी माणसागणिक निराळा मार्ग ठरवून ठेवला होता. कारकुनाला साक्ष लागते, असं त्यांचं मत. त्याला ते सांगत की प्रभू येशू मरणातून उठला असं ज्यांनी सांगितलं त्यांनी त्यापायी जीव दिला, आणि आपणच रचलेल्या थापेसाठी कोण मरतं? फिटर मंडळींना कारण चालतं. त्यांच्यासमोर बाटली धरून ते विचारत, ही आपोआप झाली का? आणि जो फारच शहाणा असेल त्याची ते उलटतपासणी घेत. तुम्ही बुद्धीवर भरवसा ठेवता, तो भरवसा तुम्हाला कुठल्या बुद्धीने दिला, असं काहीतरी ते विचारत, की समोरच्याचा घास हातातच राही. गेटवरचा ज्ञानोबा मावळातला. तो रोज संध्याकाळी विचारायचा, "काय याकोबराव, आज कुनाला पाणी पाजलं?" त्याच्यावर मात्र यांचा एकही मार्ग चालला नाही, कारण तो प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणायचा.

शंका पुरवता पुरवता माझ्या नाकी नऊ आले. खोलीवरच्या सोबत्यांकडून, न्हाव्याकडून, कुठून कुठून मी शंका गोळा करत असे. एखादी फारच किरकोळ निघाली तर ते ती परत करत. "ही नीट धरा," म्हणत आणि स्वतःच तिला दुरुस्त करून धार लावून देत. एकदा मी पटकन हरलो, तेव्हा त्यांना इतका राग आला की त्यांनी माझी बाजू घेतली, स्वतःलाच कोंडीत पकडलं, आणि भोंगा झाला तरी त्यातून सुटेनात. दुपारभर त्यांचा चेहरा उतरलेला होता. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या मला बाजूला घेऊन त्यांनी उत्तर सांगितलं, तेव्हा कुठे त्यांना चैन पडलं.

तुम्ही मला कधी ख्रिस्ती व्हा म्हणाला नाहीत, असं मी त्यांना एकदा म्हटलं. ते दचकले. "तुम्ही झालात तर शंका कोण काढणार?" म्हणाले, आणि आपल्या डब्यातलं भरलं वांगं माझ्या भाकरीवर ठेवलं. त्या परक्या गावात रोज दुपारी कुणीतरी माझी वाट पाहत होतं, हे उपकार मी आजही विसरलेलो नाही.

दिवाळीनंतर एक दिवस त्यांनी फर्मान काढलं, की आजपासून मी एकवीस वर्षांचा, पुण्याच्या कॉलेजात शिकणारा, आणि त्यांना मी 'बाबा' म्हणायचं. मी हसलो. ते हसले नाहीत. खिशातून त्यांनी एक पोस्टकार्ड काढलं. त्यांचा एकुलता एक मुलगा दानियेल वसतिगृहात राहत होता. त्याने लिहिलं होतं की आपला आता कशावरच विश्वास राहिलेला नाही, उपासनेला येणार नाही. नाताळला जेवायला येईन, संध्याकाळच्या गाडीने परत जाईन. बस, एवढंच. रूथबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात याकोबराव एकटेच.

मग दीड महिना मी दानू झालो. आम्ही सगळे मार्ग पुन्हा पुन्हा घासले. माझ्या तोंडून 'बाबा' आलं की त्यांचा हात क्षणभर थांबे. वर्षभर रोजच्या जेवणाला मी कुणाच्या जागी बसत होतो, ते मला तेव्हा कळलं.

नाताळला त्यांनी मलाही बोलावलं. घर सारवलेलं, करंज्या आणि शंकरपाळ्यांची ताटं भरलेली. दानू आला. बापासारखाच काटक, तसाच मान तिरकी करणारा. पानं वाढून झाली, प्रार्थना झाली. त्याने डोळे मिटले नाहीत. याकोबरावांनी घसा साफ केला आणि साक्षीच्या मार्गापासून सुरुवात केली. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबा, ते सगळं खरं असेल," तो म्हणाला. "आई तापाने गेली त्या दिवशी तुम्ही सांगवीला शाळेच्या मास्तरांशी वाद घालायला गेलात. सकाळी गेलात ते दिवेलागणीला आलात. ती तीनदा म्हणाली, आले का? मी बारा वर्षांचा होतो. काय सांगणार होतो तिला?"

या शंकेची तयारी आम्ही केलेली नव्हती. मी ताटाकडे बघत बसलो. आता ते कुठला मार्ग काढतात, याची मला भीतीच वाटत होती. त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"चुकलं माझं, दानू," ते म्हणाले. "मी घरी थांबायला हवं होतं."

पुढे काहीच नाही. पण नाही, परंतु नाही. दानूने मान खाली घातली. मग उठून तो आत गेला, बऱ्याच वेळाने तोंड धुऊन आला, आणि बापाच्या ताटात भात कमी होता तो त्याने वाढला. संध्याकाळची गाडी त्याने सोडली. दोन दिवस राहिला. त्याचा विश्वास परत आला की नाही ते मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. पण त्या घरात मला जेवायला बोलावलं याबद्दल मी देवाचे, म्हणजे माझ्या आणि याकोबरावांच्या दोघांच्याही देवाचे, आभार मानतो.

मला पोचवायला याकोबराव मोटार रस्त्यापर्यंत आले. चालता चालता म्हणाले, त्या दिवशी जायचं त्यांच्या मनात नव्हतं. रूथनेच आग्रह केला. तुम्ही नाही गेलात तर मास्तर म्हणतील याकोब भ्याला, असं म्हणून तिने स्वतः त्यांचा कोट काढून दिला होता.

मी जागच्या जागी थांबलो. "मग हे त्याला का नाही सांगितलं?"

"मग दोष तिच्यावर गेला असता," ते म्हणाले. माझ्या हातात करंज्यांची पुडी देऊन, दानू वाट बघत असेल म्हणत, ते घाईघाईने घराकडे वळले.