व्याह्यांसाठी शांत रस्ता

रामेश्वर सर फ्रान्सहून परत आल्यापासून त्यांना अंबाजोगाईत काहीच धड दिसेनासं झालं होतं. दोन महिने ते लेकीकडे, स्वप्नालीकडे राहून आले होते. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे बर्नाररावांनी, त्यांना रोज सकाळी सायकलवरून तिकडच्या खेड्यापाड्यांतले आडरस्ते दाखवले होते. आता सर सकाळी चहाला बसले की ते रस्ते सुरू होत. दोन्ही बाजूंना झाडं, पलीकडे सूर्यफुलं, आणि दोन तासांत भेटलं कोण, तर एक म्हातारी आणि एक कुत्रं. "तेही भुंकलं नाही," सर सांगत. "तिथलं कुत्रंसुद्धा कारण असल्याशिवाय भुंकत नाही." तेवढ्यात बाहेर कुणी हॉर्न वाजवला की सर पत्नीकडे, संगीताबाईंकडे असं बघत, जणू तो त्यांनीच वाजवला. ज्या गावात छत्तीस वर्षं भूगोल शिकवला, त्या गावाचा माणसाला दोन महिन्यांत एवढा तिटकारा कसा येतो, हे संगीताबाईंना कळत नसे.

तिकडे असताना एकदा बर्नारराव सहज म्हणाले होते, की भारतात फार गोंगाट असतो असं ऐकलंय. स्वतः उठता बसता हेच म्हणणारे सर परक्याच्या तोंडून ते ऐकल्यावर मात्र पेटले. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की आमच्या बीड जिल्ह्यात याहून शांत रस्ते आहेत, पाखरू उडालं तर त्याच्या पंखांचा आवाज येतो. बर्नाररावांनी ते खरं मानलं. त्या लोकांना ही एक वाईट खोड आहे. जानेवारीत ते आठ दिवसांसाठी आले आणि बॅग खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, तो रस्ता कधी बघायचा?

"रविवारी," सर म्हणाले, आणि मग रस्ता शोधायला लागले.

गुरुवारी ते एकटेच चाचणीला निघाले. सिरसाळ्याच्या पुढे तेलगावच्या अंगाला एक आडरस्ता फुटतो, तो त्यांच्या मूळ गावावरून जातो. मेडिकल कॉलेजातल्या एका डॉक्टरची गिअरची सायकल आणि फ्रान्सहून आणलेली घट्ट काळी अर्धी चड्डी, अशा थाटात सर एसटीनं फाट्यापर्यंत गेले, आणि आत वळल्यावर नऊ किलोमीटरांत त्यांना सातजणांनी थांबवलं. दारात मोटरसायकल असलेला माणूस सायकलवर दिसला म्हणजे काहीतरी बिघडलंय, अशी तिकडची समजूत. एकानं गाडी कुठं बंद पडली म्हणून विचारलं, दुसऱ्यानं रक्तात साखर किती निघाली म्हणून. एका टेम्पोवाल्यानं तर काहीच विचारलं नाही, सायकल उचलून मागे टाकली आणि सरांना पुढे बसवून घेतलं. त्यात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. पाखराचा आवाज ऐकायचा तर आधी पाखराच्या गळ्यात माईक बांधावा लागला असता.

सर तसेच टेम्पोतून मूळ गावी उतरले आणि मामेभावाकडे गेले. सुंदरराव पंचायत समितीचे माजी सभापती. आजवर लोकांनी त्यांच्याकडे बोअर मागितली होती, बदली मागितली होती, पुतळाही मागितला होता. शांतता कुणी मागितली नव्हती. ते गहिवरले.

"किती वाजता पायजे?"

"रविवारी आठ ते दहा. आवाज कशाचाच नको. कुणी अडवायचं नाही, चहाला बोलवायचं नाही. आम्ही रस्त्यावर आहोत हे कुणाच्या लक्षातसुद्धा येता कामा नये."

"एवढंच ना? मग पैले सगळ्यांला सांगाया पायजे," सुंदरराव म्हणाले.

सरांनी मान डोलावली. भूगोल शिकवलेला माणूस, पण यात काही चुकतंय असं त्यांना वाटलं नाही.

सुंदररावांनी काम मनावर घेतलं. पाच गावांत निरोप गेले. ट्रॅक्टर आठच्या आत कडेला घ्यायचे, गिरणी बंद, दुकानं बंद, देवळाच्या माईकची वायर काढून ठेवायची. सिरसाळ्याजवळच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यावर घालायला बर्नाररावांचा फोटो कुणाकडे नव्हता, म्हणून सरांचा घातला, निवृत्तीच्या समारंभातला, हात जोडलेला. वर मोठ्या अक्षरांत 'कृपया शांतता राखा', आणि खाली कोपऱ्यात सुंदरराव, चेहरा गंभीर. विषय शांततेचा म्हणून फ्लेक्सवाल्यानं रंग काळा-पांढरा घेतला आणि कडेनं झेंडूची माळ टाकली, कारण ती त्याच्याकडे तयार होती.

रविवारी आठ वाजता सुंदररावांची जीप संगीताबाईंना घेऊन दुसऱ्या वाटेनं मूळ गावी गेली आणि दोन सायकली फाट्यावरून आत वळल्या. सर पुढे होते, पण फ्लेक्सखालून गेले तरी तो त्यांनी पाहिला नाही. त्यांचं लक्ष आवाजाकडे होतं, आणि आवाज खरोखरच नव्हता. सरांची मान दोन इंच वर झाली. मग पहिलं गाव आलं.

गावातलं एकूण एक माणूस रस्त्याच्या कडेला उभं होतं. गोरा माणूस सायकल चालवतोय हे बघायला मिळत असताना घरात कोण बसणार? पण सुंदररावांचा शब्द मोडायचा नव्हता. शे-दीडशे माणसं दोन्ही बाजूंना हात जोडून, तोंड मिटून उभी होती. लहान पोरांच्या तोंडावर आयांचे हात होते. दुकानांची शटर खाली होती.

बर्नाररावांनी सायकलचा वेग कमी केला आणि हळूच विचारलं, इथे कुणी वारलं आहे का?

"छे छे," सर म्हणाले.

मग हे लोक?

"असेच उभे असतात."

रोज?

सरांनी जरा विचार केला. "रविवारी," ते म्हणाले.

बर्नाररावांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हँडलला अडकवलं आणि गाव संपेपर्यंत मान खाली घालून सायकल चालवली. पुढच्या गावातही तेच, त्याच्या पुढच्या गावातही तेच. सरांना हे शोभून दिसतंय असं वाटायला लागलं होतं.

चौथ्या गावापुढे म्हाळूची मेंढरं आडवी आली. म्हाळू धनगराला निरोप मिळाला होता आणि त्यानं तो नीट पाळला होता, म्हणजे पुढच्या मेंढ्याच्या गळ्यातल्या घंटेत चिंधी कोंबली होती. घंटा वाजेना, तेव्हा मागच्या दोनशे मेंढरांना कुणाच्या मागं जायचं हे कळेना, आणि ती रस्ताभर पसरून उभी राहिली. म्हाळूला ओरडायची बंदी. तो काठीनं हवेत खुणा करत होता. सर दात खाऊन खुणा करत होते. मेंढरं दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. यात पाऊण तास गेला.

तेवढ्या वेळात काय झालं हे सरांना नंतर कळलं. अंबाजोगाईहून निघालेली एक जीप फाट्यावर थांबली होती. तीत सुग्रीव मास्तर होते. मास्तर सरांचे कॉलेजातले जुने सहकारी, आणि तालुक्यात कुठलीही शोकसभा त्यांच्या भाषणाशिवाय होत नसे. त्यांनी बंद दुकानं पाहिली, गप्प उभी माणसं पाहिली आणि माळेतला सरांचा फोटो पाहिला. काय झालं म्हणून विचारलं, तर एकानं ओठांवर बोट ठेवलं आणि फ्लेक्सकडे हात केला. मास्तरांनी जास्त विचारलं नाही. फ्लेक्सचा फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि जीप आत वळवून सरांच्या मूळ गावाकडे जाणाऱ्या दुसऱ्या वाटेला लावली. अर्ध्या तासात ग्रुपवर एकशेचाळीस हात जोडले गेले. सरांना फोन करून खात्री करावी असं कुणाला सुचलं नाही. मेलेल्या माणसाला फोन कोण करतं? संगीताबाईंना अनेकांनी लावला, पण तो सरांनीच सकाळी बंद करायला लावला होता.

त्यामुळे सर घामेजलेले, पण विजयी, असे मूळ गावच्या शाळेपाशी पोचले, तेव्हा तिथे चार जीपा उभ्या होत्या आणि रडण्याचा आवाज येत होता. तेलगावची दगडाबाई आत्या मैदानात बसून छाती पिटत होती. तिला संगीताबाई समजावून थकल्या होत्या. सरांना बघून आत्या थांबली. तिनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि नजर पुन्हा चड्डीवर आली.

"रामा, हे काय घातलंस रं व्याह्यासमोर?" आत्या म्हणाली आणि पदर तोंडाला लावून पुन्हा रडायला लागली. आताचं रडणं जास्त मनापासून होतं.

तेवढ्यात बर्नाररावांचा फोन वाजला. ते फ्रेंचमध्ये बराच वेळ काहीतरी बोलले, मधूनमधून सरांकडे बघत, आणि मग त्यांनी फोन सरांना दिला. पलीकडे स्वप्नाली होती. "बाबा, तुम्ही आहात ना? मग ग्रुपवर तसं लिहा, मला पहाटे उठवून लोक धीर देतायत." सरांनी 'मी जिवंत आहे' असं लिहिलं. त्याखाली तिघांनी न वाचताच हात जोडले.

आलेले लोक खट्टू झाले होते, हे लपत नव्हतं. रविवार मोडून, जीप करून यायचं, आणि माणूस चड्डीत समोर उभा. सर्वांत वाईट अवस्था सुग्रीव मास्तरांची होती. त्यांनी जीपमध्ये बसून चार पानं लिहिली होती, आणि ती खिशात घालायला त्यांचा हात होत नव्हता.

"वाया कावून घालवता, मास्तर?" सुंदरराव म्हणाले. "सत्कार करू सरांचा. व्याह्यांचाबी होऊन जाईल."

बर्नाररावांना फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. शेजारी सुंदररावांची सून शिवकन्या बसली, भाषण इंग्रजीत सांगायला. मास्तर उभे राहिले. जिथे 'होते' लिहिलं होतं तिथे ते 'आहेत' म्हणत होते, दोनदा विसरले, पण लोकांनी ओघात चालवून घेतलं. सर विद्वान आहेत. सर निगर्वी आहेत. आपल्या मातीबद्दल त्यांनी आजवर एक वाकडा शब्द काढलेला नाही. यावर संगीताबाईंनी आभाळाकडे पाहिलं.

छत्तीस वर्षांत सरांबद्दल कुणी असं बोललं नव्हतं. त्यांनी खुर्ची मास्तरांच्या दिशेनं पुढे ओढली. आणि हे सगळं व्याह्यांना कळायलाच हवं होतं, शब्द न् शब्द. त्यांनी वळून पाहिलं तर शिवकन्या गप्प होती.

"सांग ना त्यांना."

"इथवर ऐकू येत न्हाई, मामाजी," ती म्हणाली.

सरांनी सुंदररावांना जवळ बोलावलं. "माईक नाही का?"

"हाय की. तुमीच तर वायर काढाया लावली."

"ते मघाशी. आता जोडा."

वायर जोडली. देवळावरच्या दोन्ही कर्ण्यांतून मास्तरांचा आवाज निघाला आणि झाडावरची होती नव्हती ती पाखरं उडाली. माईक ऐकून रस्त्यावरचे ट्रॅक्टरवाले समजले की बंदी उठली. इंजिनं सुरू झाली, गाणी सुरू झाली, गिरणी सुरू झाली. त्यात मास्तरांचा आवाज बुडायला लागला.

"वाढव," सर म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "अजून वाढव."

चौथं पान संपलं. टाळ्या पडल्या. सर डोळे पुसत, व्याह्यांच्या चेहऱ्यावर काय दिसतंय ते बघायला मागे वळले. खुर्चीवर घडी केलेली शाल होती, तिच्यावर फेटा आणि फेट्यावर नारळ. शाळेच्या भिंतीला एकच सायकल टेकलेली होती.

"व्याही कुठे आहेत?"

"निघाले मघाशीच," संगीताबाई म्हणाल्या. "तुम्ही दुसऱ्यांदा 'वाढव' म्हणालात तेव्हा. शांत रस्ता कुठला म्हणून त्यांनी शिवकन्येला विचारलं. तिनं मला विचारलं."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, हे इथे आहेत तोवर कुठलाही."